हायवेलगतच्या सोसायटीला प्लास्टिकची आवाजभिंत: आधी बांबू उभा करा, मग पॅनल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, कारण उत्तर त्यातल्याच दोन-तीन तपशिलांत दडलेलं आहे. साताऱ्यात वाढे फाट्याजवळ सर्व्हिस रोडला लागून तुमची सोसायटी. खाली पार्किंग, वर तीन मजले. रात्रभर ट्रक, हंगामात उसाचे ट्रॅक्टर. तिसऱ्या मजल्यावर तुमच्या सासऱ्यांना झोप नाही. एका विक्रेत्याने सुचवलंय की सध्याच्या पाच फुटी कंपाउंडवर रिसायकल्ड प्लास्टिकचे आणखी पाच फूट पॅनल चढवा, ६० मीटर लांबी, आणि कोटेशनमध्ये "३० डेसिबल आवाज कमी" असं लिहून दिलंय. घ्यावं का, प्लास्टिक टिकेल का, असं तुम्ही विचारलंत.

मी मूळचा कुपवाडचा, पेशाने स्थापत्य अभियंता. गेली वीसेक वर्षं आवाज अडवण्याचीच कामं करतो: आधी जनरेटरच्या केबिन आणि कारखान्यातले कॉम्प्रेसर, नंतर रस्त्याकडेच्या भिंती. रिसायकल्ड प्लास्टिक मी वापरलंय, त्याबद्दल माझं मत वाईट नाही. पण तुमच्याकडे साहित्य हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की ऐकणाऱ्याचा कान किती उंचीवर आहे आणि आवाज किती उंचीवरून निघतोय.

आवाजभिंत सावलीसारखी चालते. भिंतीमागे जिथून गाडी दिसत नाही तिथे आवाजाची सावली पडते, आणि सावलीत तुम्ही जितके खोल तितका फायदा जास्त. गाडी जेमतेम झाकली गेली तर साधारण ५ डेसिबल मिळतात. नीट झाकली गेली तर ८ ते १०. प्रत्यक्ष जागेवर १५ मिळवणं फार अवघड, आणि २० च्या वर मी कुठल्याही मोकळ्या भिंतीने मिळालेलं पाहिलेलं नाही, कारण आवाज वरून वळसा घालून येतोच. अंदाज यावा म्हणून सांगतो: ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो, १० कमी झाले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो.

आता तुमची जागा. तुम्ही दिलेल्या अंतरांवरून धरतो की कंपाउंडपासून इमारत १२ मीटर आत आहे, सर्व्हिस रोडचा मध्य भिंतीपासून ५ मीटर, हायवेची जवळची बाजू १५ मीटर आणि पलीकडची २८. रस्ता आणि तुमचा प्लॉट एकाच पातळीत आहेत असंही धरतो. हायवे भरावावर असेल तर पुढचे आकडे आणखी बिघडतील. टायर आणि इंजिन मिळून ट्रकचा आवाज सरासरी १ मीटर उंचीवरून निघतो असं समजू. खाली पार्किंग असल्यामुळे पहिल्या मजल्यावर झोपलेल्या माणसाचा कान ४ मीटरवर, दुसऱ्यावर ७ आणि तिसऱ्यावर १० मीटरवर.

ट्रकपासून कानापर्यंत सरळ रेषा ओढली की ती तुमच्या कंपाउंडवरून किती उंचीने जाते? जवळच्या बाजूच्या ट्रकसाठी पहिल्या मजल्याची रेषा २.७ मीटरवरून, दुसऱ्याची ४.३ वरून आणि तिसऱ्याची चक्क ६ मीटरवरून जाते. पलीकडच्या बाजूच्या ट्रकसाठी हेच आकडे ३.१, ५.२ आणि ७.३. तुमची भिंत होणार दहा फूट, म्हणजे ३ मीटर. तेव्हा पहिल्या मजल्याला थोडा फायदा. दुसऱ्याला फक्त सर्व्हिस रोडवरच्या गाड्यांपुरता, तोही काठावरचा. तिसऱ्याला काही नाही. सगळ्यात शांत झोप लागेल ती पार्किंगमधल्या स्कूटींना.

माझ्या गणितावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. दहा फुटी बांबूला वरच्या टोकाला लाल फडकं बांधा आणि कुणाला तरी तो कंपाउंडला टेकवून जमिनीवर उभा धरायला सांगा. तुम्ही सासऱ्यांच्या पलंगावर बसून खिडकीतून बघा. फडक्याच्या वर हायवेवरच्या ट्रकची चाकं दिसत असतील, तर त्या खिडकीपुरती ती भिंत उभारली काय आणि न उभारली काय, सारखंच. ही परीक्षा पाच मिनिटांत होते, आणि कोटेशन आणणाऱ्या माणसाला मी पहिल्या भेटीतच ती करायला लावतो.

दुसरी अडचण लांबीची, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. रस्ता म्हणजे आवाजाची एक लांब ओळ. तुमच्या मधल्या फ्लॅटमधून दोन्ही बाजूंना मिळून रस्त्याचा १८० अंशांचा पट्टा कानावर येतो. १२ मीटरवर असलेली ६० मीटर भिंत त्यातले सुमारे १३६ अंश झाकते. उरलेल्या ४४ अंशांतून जवळपास पाव ध्वनिऊर्जा आत येतच राहते, आणि ऊर्जा पावच उरली तरी डेसिबलच्या हिशेबात घट फक्त ६ ची. म्हणजे भिंत आभाळाएवढी उंच आणि शिशाची केली तरी मधल्या फ्लॅटला ६ डेसिबलच्या पुढे फायदा नाही. कडेच्या फ्लॅटला ३ सुद्धा मुश्किलीने. यात फाटकाची मोकळी जागा धरलेलीच नाही. आमच्या कामात ठोकताळा असा आहे की भिंतीपासून ऐकणारा जितका लांब, त्याच्या चौपट लांबी दोन्ही टोकांना पुढे न्यायची. तुमच्यासाठी ते प्रत्येक बाजूला ४८ मीटर, म्हणजे शेजाऱ्यांच्या हद्दीत. ते जमत नसेल तर दोन्ही टोकांना भिंत काटकोनात वळवून आपल्याच बाजूच्या हद्दीने आत आणतात. थोडी भरपाई होते.

मग ते ३० डेसिबल आले कुठून? विक्रेता खोटं बोलत असेलच असं नाही. प्रयोगशाळेत दोन खोल्यांच्या मधे पॅनल बसवून आरपार किती आवाज गेला ते मोजतात. तो आकडा पॅनलचा. तुमच्या बाल्कनीत किती कमी होईल तो आकडा जागेचा. पॅनलमधून काहीच गेलं नाही तरी वरून आणि टोकांवरून येणारा आवाज तसाच राहतो. त्यांना एकच वाक्य विचारा: "तिसऱ्या मजल्यावर किती कमी होईल ते लिहून द्याल का?"

हीच भिंत हायवेच्या कडेला, ट्रकपासून ४ मीटरवर असती तर चित्र बदललं असतं. जवळच्या बाजूच्या ट्रकसाठी तिसऱ्या मजल्याची रेषाही तिथे २.३ मीटरवरून जाते, म्हणजे ३ मीटरची भिंत तिन्ही मजल्यांना उपयोगी पडते. पलीकडच्या बाजूसाठी मात्र तिथेही फक्त पहिला मजलाच झाकला जातो. भिंत एकतर आवाजाला चिकटून हवी नाहीतर कानाला चिकटून. मधोमध ती सगळ्यात दुबळी. अटल सेतूवर शिवडीच्या बाजूला फ्लेमिंगोंसाठी लावलेले अडथळे किंवा पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर–सिवनी रस्त्यावरच्या भिंती बघा, त्या अगदी रस्त्याच्या काठावर आहेत. तुमच्याकडे ती जागा महामार्ग प्राधिकरणाची, तेव्हा सोसायटीने स्वतःच्या खर्चाने तिथे खांब रोवायचा प्रश्नच येत नाही. सगळ्या सोसायट्यांनी मिळून अर्ज करावा, सोबत रात्रीचं मोजमाप जोडावं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नुसत्या "खूप त्रास होतो" या वाक्यापेक्षा आकडा असलेल्या अर्जाला वजन येतं. मोबाइलवरचं ॲप अर्जासाठी चालणार नाही. आधी-नंतरची तुलना करायला मात्र पुरतं, फोन तोच आणि जागा तीच असली की झालं.

आता प्लास्टिकबद्दल, कारण खालच्या मजल्यांसाठी किंवा दुसऱ्या कुणाला बैठ्या घरांसाठी हे उपयोगी पडेल.

आवाज अडवतं ते वजन. चौरस मीटरला किमान १० किलो हवं, आणि ट्रकची वर्दळ असेल तर मी २० च्या आसपास मागतो. हे पॅनल बहुधा एचडीपीईचे, म्हणजे घट्ट जातीच्या पॉलिथिनचे असतात. भरीव एचडीपीईची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी, ०.९५ च्या आसपास. म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेनऊ किलो भरतं. पण बाजारातले बरेच पॅनल आतून पोकळ असतात. जाडी ४० मिलिमीटर दिसते आणि वजन भरतं ६ किलो. असा हलका पॅनल हॉर्नची तीक्ष्ण किंचाळी बऱ्यापैकी अडवतो, पण चढावर दम काढणाऱ्या ट्रकचा जो खर्जातला घुमारा असतो तो त्यातून आरपार येतो. गणिताने १२५ हर्ट्‌झला, म्हणजे अशा खर्जातल्या आवाजाला, ६ किलोचा पॅनल साधारण १० डेसिबल अडवतो, २० किलोचा २१. आणि झोप मोडतो तो बहुतेक वेळा हा घुमाराच. तपासायला प्रयोगशाळा नको: ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा मागून घ्या, भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवा, आलेल्या वजनाला चारने गुणा. युरोपातल्या ईएन १७९३ पद्धतीचा चाचणी अहवाल असेल तर उत्तमच, पण तो याच जाडीच्या आणि याच वजनाच्या पॅनलचा आहे ना, ते बघा.

मग फटी. एकूण क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा उघडी राहिली तर पॅनल कितीही जड असो, आरपारचा हिशेब २० डेसिबलवर अडकतो. ५ टक्के उघडी राहिली तर १३ वर. प्लास्टिकच्या भिंतीत फट पडायचं मुख्य कारण ऊन, आणि ही अक्कल मी पैसे भरून विकत घेतलेली आहे.

सांगली–मिरज रस्त्यालगतच्या एका बैठ्या शाळेसाठी मी पहिल्यांदा हे पॅनल वापरले. वर्ग सगळे तळमजल्यावर, भिंत रस्त्याच्या अगदी कडेला, जागा आवाजभिंतीला आदर्श. डिसेंबरात काम झालं. फट राहू नये म्हणून मी पॅनल दोन खांबांमध्ये गच्च बसवून घेतले आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांचा फोन, "साहेब, भिंतीला पोट सुटलंय." जाऊन पाहिलं तर प्रत्येक पॅनल अर्धी वीत बाहेर आलेला. पॉलिथिन तापल्यावर लोखंडाच्या दहापट आणि वर फुगतं. तीन मीटरचा काळा पॅनल, हिवाळ्यातली पहाट आणि चैत्रातली दुपार यांत पृष्ठभागाच्या तापमानाचा फरक सहज ५० अंश. एवढ्यात तो सुमारे २० मिलिमीटर लांब होतो. दोन्ही बाजूंना जागा नाही, मग जाणार कुठे? पोटच काढणार. मिस्त्रीचा यात काही दोष नव्हता, चूक माझ्या ड्रॉइंगची.

सगळे पॅनल काढून पुन्हा बसवले. आता मी आय-आकाराच्या खांबाच्या खाचेत पॅनल प्रत्येक बाजूला ५० मिलिमीटर आत घेतो, टोकाला हलायला जागा ठेवतो आणि खाचेत रबराची पट्टी दाबून भरतो. पॅनल उन्हात लांबला-आखडला तरी फट उघडी पडत नाही. काम झाल्यावर रात्री एकाने पलीकडून टॉर्च मारत चालायचं आणि दुसऱ्याने अलीकडून बघायचं. जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो.

वाऱ्याचं मात्र मनावर घ्या, कारण तुमच्या कोटेशनमधली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच. पुण्यासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलेला आहे. तो धरला तर चौरस मीटरला ९० किलोच्या वर दाब येतो. तुमच्या पाच फुटी पॅनलच्या ६० मीटर लांबीवर मिळून आठ टनांपेक्षा जास्त ढकल, आणि ती येणार विटांच्या जुन्या कंपाउंडच्या डोक्यावर. ती भिंत कुत्री-गुरं अडवायला बांधलेली असते, शीड धरायला नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या काय उगाच उभ्या आहेत? वळवाचा पाऊस येण्याआधीचा वारा आपल्याकडे पत्रे उडवतो. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडलं तेही अशाच वादळात. त्यामुळे कंपाउंडवर काहीही चढवू नका. खांब स्वतंत्र, जमिनीतून, काळी माती ओलांडून मुरुमात गेलेल्या पायावर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात उभा केलेला खांब दोन वर्षांत वाकडा होतो. माझ्या कामांत निम्म्याहून जास्त पैसे लोखंड आणि काँक्रीटलाच जातात, त्यामुळे "प्लास्टिक म्हणून स्वस्त" या बोलण्याला फारसा अर्थ नाही. कंपाउंडच्या उंचीला नगरपालिकेची मर्यादा असते, तेही काम काढण्याआधी बांधकाम विभागात विचारून घ्या.

टिकण्याचं म्हणाल तर उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, पण दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक (काजळीची बारीक भुकटी) नीट मिसळलेलं एचडीपीई बरीच वर्षं टिकतं. पाण्याच्या काळ्या पाइपांत हेच असतं. म्हणून मी काळा किंवा गडद रंग घेतो, ऊन जास्त शोषतो हे मान्य करूनही. पॉलिप्रॉपिलीनचं प्रमाण जास्त असलेला माल उन्हात लवकर भुगा होतो. पाकिटं-रॅपर दाबून केलेले बोर्ड वजनाला चांगले असतात, पण कडांमधून पाणी शिरतं, तेव्हा कडा बंद केलेल्या हव्यात.

आग ही खरी भीती. फाल्गुन-चैत्रात रस्त्याकडेचं वाळलं गवत कुणीतरी पेटवतंच, कचराही पेटवतात. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि जळताना थेंब थेंब गळतं, त्या थेंबांनी आग खाली पसरते. म्हणून खालचे दीड फूट नेहमी काँक्रीट किंवा काळ्या दगडाचं जोतं, प्लास्टिक त्याच्यावर. जोत्यात पावसाचं पाणी जायला सोय ठेवायची, पण सरळ भोकं ठेवू नका. आणि सांगलीकर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट जास्तीची: हे पॅनल पाण्यावर तरंगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तसं पाणी आलं तर वरून चाप न लावलेले पॅनल खाचेतून अलगद वर उचलले जाऊन वाहून जातील. पूररेषेत तर मी अशी सलग भिंत सुचवणारच नाही, पाणी अडतं.

अशोकाची रांग लावू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. लावा, छान दिसते. आवाजासाठी ३० मीटर रुंदीचं दाट झाडोऱ्याचं रान लागतं तेव्हा कुठे ५ डेसिबल मिळतात.

मग तुम्ही काय करावं? सासऱ्यांची खोली मागच्या बाजूच्या खोलीशी बदलून बघा, आज रात्रीच. खुद्द इमारत ही तुमच्याकडची सगळ्यात उंच आणि जड आवाजभिंत आहे, मागच्या बाजूला १० डेसिबलचा फरक सहसा मिळतोच. ते घरात जमत नसेल तर त्यांच्या एका खोलीची खिडकी बदला. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत दोन पल्ल्यांच्या मधून आणि खालच्या ट्रॅकमधून हवा येते तसा आवाजही येतो. त्याऐवजी दाबून बंद होणारी, रबर गॅस्केटची, लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये पातळ थर चिकटवलेल्या) काचेची खिडकी. माझ्या कामांत एवढ्याने आठ-दहा डेसिबल कमी झालेत. उन्हाळ्यात ती बंद ठेवावी लागेल, तेव्हा हवेची सोय मागच्या बाजूने करा. हे न सांगता खिडक्या विकणारे पुष्कळ आहेत.

सोसायटी म्हणून एक काम मात्र भिंतीआधी करा. तुम्ही लिहिलंय की फाटकासमोर सर्व्हिस रोडवर गतिरोधक आहे. शेंद्र्याच्या कारखान्याकडून परतणारी रिकामी ट्रॉली त्यावरून गेली की जो खणखणाट होतो तो पहाटे तीनला अख्खी इमारत उठवतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत भिंतीचा भरवसा असाही कमीच, कारण त्याचा सायलेन्सर बॉनेटवरून उभा वर येतो आणि वर स्पीकर बांधलेला असतो. तो गतिरोधक थोडा पुढे सरकवून घेता आला किंवा त्याचा उतार लांबट करून घेता आला तर पन्नास पॅनलचं काम होईल. स्पीकर आणि कर्णकर्कश हॉर्न यांची तक्रार गाळप सुरू होण्याआधी वाहतूक पोलिसांकडे द्या, मधेच दिली तर कारखाना बंद व्हायच्या वेळेला कारवाई होते.

एवढं करूनही पहिल्या मजल्यावरच्या लोकांना भिंत हवीच असेल, तर त्यांच्यासाठी चार-पाच डेसिबलची अपेक्षा ठेवून ती करा. स्वतंत्र खांब, २० किलोचे पॅनल, दगडी जोतं, टोकं आत वळवलेली. करारात वजन लिहून घ्या, "साउंडप्रूफ" हा शब्द खोडा, आणि बिलातले दहा टक्के पुढचा मे महिना संपेपर्यंत हातात ठेवा.